‘टाकणे’ : अर्थ आणि उपयोग

इंग्रजीतील ‘थ्रो अवे’ या क्रियापदाला मराठी प्रतिशब्द कोणता, असे विचारले तर बहुतेक जण ‘टाकणे’ असे उत्तर देतील. हे उत्तर अर्धेच बरोबर आहे. जामनेरच्या एखाद्या घरात ‘भाजीत मीठ टाक’ आणि ‘नासलेली भाजी टाकून दे’ ही दोन्ही वाक्ये एकाच दिवशी कानी पडतात. पहिल्या वाक्यातील मीठ वाया जात नाही, कामी येते. शेतात खत टाकले जाते, तेही पीक यावे म्हणूनच. (प्रमाण मराठीत मिठासाठी ‘घालणे’ अधिक रूढ आहे, परंतु तेवढ्यावरून ‘टाकणे’ अशुद्ध ठरत नाही.)

यावरून असे दिसते की, वस्तू हातातून सोडून दुसरीकडे जाऊ देणे एवढाच या धातूचा गाभा आहे. ती निरुपयोगी ठरली की नाही, हे कर्मावरून व संदर्भावरून कळते. संदर्भ पुरेसा नसेल तेव्हा मराठी ‘देणे’ या सहायक क्रियापदाची मदत घेते. ‘दूध टाक’ म्हटले तर ऐकणारा ते चहात ओतील. ‘दूध टाकून दे’ म्हटले तर मोरीत. लाक्षणिक प्रयोगांतही असाच फरक आढळतो. साप कात टाकतो तेव्हा काहीतरी त्यागले जाते. व्यापारी दुकान टाकतो तेव्हा नवे उभे राहते. आजी नातवावर जीव टाकते तेव्हा तर यांपैकी काहीच घडत नाही.

आता ‘टाकणे’ स्वतः सहायक होते तेव्हा काय घडते ते पाहू. ‘त्याने खरे सांगितले’ आणि ‘त्याने खरे सांगून टाकले’ या दोन वाक्यांत माहिती एकच आहे. दुसऱ्यात मात्र मनावरचे ओझे उतरल्याची, क्रिया एकदाची संपल्याची आणि ती आता मागे घेता येणार नाही याची छटा मिसळते. ‘शेत विकले’ हा व्यवहार झाला. ‘शेत विकून टाकले’ यात घाई, नाइलाज किंवा बोलणाऱ्याची हळहळ ऐकू येते. हा प्रयोग मुख्यतः कर्त्याच्या हातातील क्रियांना लागतो. म्हणूनच ‘तो पडून टाकला’ असे आपण म्हणत नाही. हिंदीत ‘डालना’ आणि गुजरातीत ‘नाखवुं’ ही क्रियापदे असेच काम करतात. अहिराणीत ‘ऊन’ऐवजी ‘ई’ हा प्रत्यय येऊन ‘करी टाक’, ‘खाई टाक’ अशी रूपे होतात. ती गुजरातीतील ‘करी नाख’च्या किती जवळची आहेत, हे खानदेशातील विद्यार्थ्यांना वेगळे सांगायला नको.

कर्माच्या जागी माणूस आला की या क्रियापदाचा अर्थ कठोर होतो. ‘टाकलेली’ हे विशेषण आपल्याकडे नाम म्हणूनही वापरले जाते आणि ते कोणाविषयी आहे, हे विचारावे लागत नाही. ‘टाकलेला’ असे पुल्लिंगी रूप व्याकरणाने शक्य आहे. पण नवऱ्याविषयी ते सहसा ऐकू येत नाही. व्याकरणाने दिलेली मुभा समाजाने वापरलेली नाही. शिवाय हे कर्मणी रूप आहे. त्यात टाकणारा सांगण्याची सक्ती नसते. ‘ती टाकलेली आहे’ हे वाक्य पूर्ण होते आणि ज्याने टाकले तो वाक्याबाहेरच राहतो.

‘परित्यक्ता’ हा संस्कृत शब्द लेखनात अधिक सभ्य मानला जातो. त्याची घडणही तीच आहे : परि + त्यज् + क्त, म्हणजे जिचा त्याग केला गेला ती. कर्ता येथेही नाही. शब्द सौम्य झाला, एवढेच. संगमनेरच्या अ‍ॅड. निशा शिवूरकर यांनी या स्त्रियांच्या चळवळीवरील पुस्तकाला ‘लढा टाकलेल्या स्त्रियांचा’ असे नाव दिले आहे. बोलीतला कठोर शब्द शीर्षकात राहू दिल्यामुळे घडलेली गोष्ट झाकली जात नाही. आणि शेजारच्या ‘लढा’ या शब्दाने, व्याकरणात कर्म असलेली स्त्री कृती करणारी होते.

स्वाध्याय : जामनेर, पहूर, शेंदुर्णी किंवा आपल्या गावी आठवडाभर ऐकलेली ‘टाकणे’ची दहा वाक्ये लिहून ठेवा. तावडी किंवा अहिराणी बोलीतील वाक्ये जशी ऐकली तशीच लिहा. त्यांतील किती वाक्यांत त्यागाचा अर्थ आहे ते पाहा. कर्मणी वाक्ये कर्तरी प्रयोगात बदला आणि तसे करताना कर्ता कोठून आणावा लागला, तेही नोंदवा.