पिंगळ्याचे शिंके



खेड्यातल्या जुन्या घरात आढ्याला टांगलेले शिंके तुम्ही कधी पाहिले आहे का? चार दोऱ्या, खाली एक वळे आणि त्यात बसवलेले दह्याचे मडके. मांजराची उडी तिथवर पोचू नये आणि खालून वारा लागून दही लवकर नासू नये, म्हणून ही सोय. कृष्णाच्या गोष्टी ऐकताना शिंके आपल्याला ठाऊक झाले, पण घरात फ्रीज आला आणि आढ्यावरून ते उतरले. आता गंमत पाहा. तेच शिंके शहरातल्या दुकानांत 'मॅक्रमे' या नावाने विकायला आले आहे. नुसत्या गाठींनी वस्तू विणण्याच्या कलेला हे नाव आहे. ते मूळ अरबी शब्दावरून आले असे मानतात. १९७०च्या दशकात युरोप-अमेरिकेत घराघरांतल्या कुंड्या अशा शिंक्यांतून लोंबू लागल्या होत्या.

या लेखात आपण असे एक शिंके करणार आहोत. त्याच्या वरच्या भागात एक पिंगळा, म्हणजे लहान घुबड, बसलेला दिसेल आणि खाली एक लहान कुंडी टांगता येईल. सुई नको, माग नको, गोंद नको. दहा बोटे आणि सुतळी पुरे.

पण आधी एक प्रश्न. गाठीत खिळा नसतो, चिकटवायला काही नसते. मग ती टिकते कशी? आणि कधीकधी सुटते का? हा प्रश्न मला एका फुटलेल्या कुंडीने घातला. शाळेतल्या एका शिबिरात मुलांनी शिंकी केली आणि व्हरांड्यात टांगली. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्यांतले एक धप्पकन खाली आले. सुतळी कुठेही तुटलेली नव्हती. वर टांगण्यासाठी मारलेली गाठ तेवढी निसटली होती. क्षणभरापूर्वी तिथे एक मुलगी डबा खात बसली होती. ती पाणी प्यायला उठली म्हणून बरे झाले. तेव्हापासून मी आधी गाठ शिकवतो आणि मग शिंके.

वाखापासून दोरीपर्यंत

चंद्रपूर आणि गडचिरोली हा आपल्या राज्यातला दाट जंगलाचा मुलूख. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली वेगळा झाला. दोर वळण्याची विद्या इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पळसाच्या मुळ्या, मुरुडशेंगेची साल, चांबुळी किंवा माहूल म्हणतात त्या अजस्र वेलाची साल, या सगळ्यांतून चिवट धागा निघतो. शेताच्या बांधावर लावलेल्या अंबाडीचा धागा तर तुमच्या ओळखीचाच असेल. जिच्या आंबट पानांची भाजी आपण खातो, तीच ही अंबाडी. भेंडी आणि कापूस यांच्या कुळातली.

अंबाडीची कापलेली ताटे पाण्यात बुडवून ठेवतात. पाण्यातले जिवाणू सालीतला पेक्टिन नावाचा चिकट पदार्थ खाऊन टाकतात. धाग्याचा मुख्य घटक सेल्युलोज. तो त्या मानाने टिकाऊ, म्हणून मागे राहतो. मग साल सोलून, धुऊन, वाळवून जो धागा मिळतो तो वाख. हाच वाख मांडीवर वळून पोळ्याच्या आधी बैलांसाठी नवी दावी आणि कासरे तयार होतात.

करून पाहा : वाखाची किंवा कापसाची एक बट घेऊन दोन्ही टोकांनी ओढा. ती सहज विलग होते. आता तशीच बट चांगली पिळून ओढा. किती जोर लागतो! पीळ दिला की धागे एकमेकांवर दाबले जातात. दाब वाढला की घर्षण वाढते आणि एक धागा दुसऱ्यावरून सरकू शकत नाही.

आता दुसरी गंमत. हातभर दोरा घेऊन एकाच दिशेने खूप पिळा. ताण न सोडता तो मधोमध दुमडा आणि मग दोन्ही टोके जवळ आणा. दोन्ही पदर आपोआप एकमेकांभोवती गुंडाळले जातात, आणि तेही उलट दिशेने. एका पदराचा पीळ उलगडू पाहतो, तर जोडीचा पीळ त्याला अडवतो. दोरी आपली आपण सुटत नाही ती यामुळे. 'उलट पीळ' हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढे ते पुन्हा भेटणार आहेत.

मात्र शिंक्यासाठी जंगलातल्या झाडाची साल काढू नका. सालीच्या आतल्या थरातून पानांनी तयार केलेले अन्न मुळांपर्यंत जाते. खोडाची साल सभोवार काढली की मुळे उपाशी राहतात आणि झाड हळूहळू मरते. बाजारात मिळणारी ज्यूटची सुतळी आपल्याला पुरेल.

एक गाठ, दोन स्वभाव

चार दोऱ्या शेजारी शेजारी टांगा. डावीकडून त्यांना १, २, ३, ४ असे क्रमांक द्या. २ आणि ३ या मधल्या दोऱ्या स्थिर राहतात. १ आणि ४ या बाहेरच्या दोऱ्या गाठ मारतात.

पहिला अर्धा भाग : डावी बाहेरची दोरी मधल्या दोन दोऱ्यांवरून उजवीकडे न्या आणि उजव्या बाहेरच्या दोरीच्या खालून काढा. मग ती उजवी दोरी मधल्या दोऱ्यांच्या मागून डावीकडे आणा आणि तिथे तयार झालेल्या फासातून पुढे काढा. दोन्ही टोके सारख्या जोराने ओढा.

दुसरा अर्धा भाग : आता हेच सारे उजवीकडून करा. उजवी दोरी वरून डावीकडे, डावीच्या खालून. मग डावी दोरी मागून उजवीकडे आणि फासातून पुढे. ओढा. झाली पूर्ण गाठ. ती सपाट बसते. तिला आपण चौकोनी गाठ म्हणू.

आता दुसरा भाग न करता पहिलाच अर्धा भाग पुन्हा पुन्हा करा. आठ-दहा वेळा झाल्यावर काय दिसते? गाठींची रांग गोल जिन्यासारखी पिळत जाते! प्रत्येक अर्धी गाठ रांगेला एकाच बाजूला थोडी फिरवते आणि ते फिरणे साठत जाते. चौकोनी गाठीत दुसरा अर्धा भाग पहिल्याची आरशातली प्रतिमा असतो. एकाचे फिरणे दुसरा रद्द करतो. पुन्हा तोच उलट पीळ!

दोन दोऱ्यांची टोके जोडतानाही हेच घडते. डावे टोक उजव्यावर आणि मग उजवे डाव्यावर घेतले, तर स्काउटमध्ये शिकवतात ती रीफ गाठ होते. दोन्ही वेळा डावेच उजव्यावर घेतले, तर दिसायला जवळजवळ तशीच, पण फसवी गाठ होते. आमच्या फुटलेल्या कुंडीची गाठ हीच होती. २०२० साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी ताण पडला की रंग बदलणारे धागे वापरून गाठींचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओढल्यावर शेजारचे पदर एकमेकांविरुद्ध पिळू पाहतात, तिथे ते अडतात आणि गाठ आवळते. ते एकाच दिशेने फिरू शकले, तर एकमेकांवरून घरंगळतात आणि गाठ निसटते.

करून पाहा : गुळगुळीत नायलॉनच्या दोरीचे चार तुकडे घ्या. दोन तुकडे रीफ गाठीने आणि दोन फसव्या गाठीने जोडा. गाठीबाहेर टोके बोटभरच ठेवा. प्रत्येक दोरीला एकेक पिशवी टांगा आणि तीत एकेक दगड टाकत जा. पिशवी जमिनीपासून चार बोटे उंच असू द्या, म्हणजे पायावर पडणार नाही. कोणती गाठ आधी निसटते याची वहीत नोंद करा. एकदा करून थांबू नका, पाच वेळा करा.

पिंगळाच का?

पिंगळा खेड्याच्या कडेला, मोहाच्या किंवा आंब्याच्या ढोलीत राहतो. तिन्हीसांजेला त्याचा कलकलाट सुरू झाला की घरातले कोणीतरी म्हणतेच, "अशुभ बोलतोय!" घुबडाला दगड मारला तर तो दगड ते नदीवर नेऊन घासते आणि दगड झिजतो तसा मारणारा झिजतो, अशीही एक समजूत आहे. प्रत्यक्षात पिंगळा घासतो ती चोच, आणि खातो ते किडे, उंदीर, पाली. शेतकऱ्याचा तो बिनपगारी राखणदार आहे.

त्याचा भाऊबंद रानपिंगळा तर १८८४ नंतर नाहीसाच झाला, असे पक्षितज्ज्ञ समजत होते. ११३ वर्षांनी, १९९७ साली, आपल्याच राज्यात शहाद्याजवळच्या जंगलात तो पुन्हा सापडला.

शिंक्यात पिंगळा ओळखू यावा म्हणून दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, शृंगी घुबडासारखे तुरे त्याच्या डोक्यावर नसतात. त्याचे डोके गोल असते. (ते तुरेही कान नव्हेत, नुसती पिसे.) दोन, घुबडाचे दोन्ही डोळे समोर असतात आणि खोबणीत फिरत नाहीत. म्हणून ते मानच फिरवते. माणसाच्या मानेत ७ मणके असतात, घुबडाच्या १४. त्यामुळे त्याची मान सुमारे २७० अंशांपर्यंत वळते.

साहित्य

३ मिलिमीटर जाडीची सुतळी २५ मीटर, वीतभर लांबीची एक जाड व एक बारीक काडी, सुतळी ओवता येईल एवढ्या भोकाचे दोन लाकडी मणी, कात्री, सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची कुंडी.

कृती

१) सुतळीचे ४ मीटरचे सहा तुकडे करा. उरलेल्या १ मीटरचा टांगण्यासाठी फास करून तो जाड काडीच्या दोन टोकांना बांधा. प्रत्येक तुकडा मधोमध दुमडा, दुमड काडीच्या मागे सोडा आणि दोन्ही टोके त्या दुमडीतून ओढून घ्या. १२ दोऱ्या लोंबतील. डावीकडून १ ते १२ क्रमांक द्या.

२) माथा : पहिल्या ओळीत तीन चौकोनी गाठी मारा : १ ते ४, ५ ते ८, ९ ते १२. दुसऱ्या ओळीत दोन : ३ ते ६, ७ ते १०. तिसऱ्या ओळीत एकच : ५ ते ८. खाली टोक असलेला त्रिकोण तयार होईल.

३) डोळे : ३ आणि १० या दोऱ्यांत एकेक मणी ओवा.

४) चोच : तिसऱ्या ओळीखाली अर्धा सेंटिमीटर जागा सोडा आणि ५ ते ८ या दोऱ्यांवर चार चौकोनी गाठी एकाखाली एक मारा. मग ६ व ७ यांची टोके वर उचलून त्या सोडलेल्या जागेतून पुढून मागे घाला आणि खाली ओढा. गाठींची रांग गुंडाळून टपोरी चोच होईल. तिच्याखाली एक चौकोनी गाठ मारून ती पक्की करा.

५) मण्यांच्या खाली १ ते ४ आणि ९ ते १२ यांच्या गाठी मारा. कडेच्या दोऱ्या किंचित सैल ठेवा, म्हणजे चेहरा गोल दिसेल.

६) अंग : पुढची ओळ ३ ते ६ आणि ७ ते १० अशी दोन गाठींची, त्याखालची तीन गाठींची. असे आणखी एकदा करा.

७) पाय : बारीक काडी आडवी ठेवा. चार-चार दोऱ्यांच्या प्रत्येक गटातल्या बाहेरच्या दोन दोऱ्या काडीच्या पुढे आणि मधल्या दोन मागे घ्या. काडीखाली लगेच एकेक चौकोनी गाठ मारा. पिंगळा फांदीवर बसला!

८) शिंक्याचे हात : तिन्ही गटांवर अर्धी गाठ एकाच बाजूने वीस वेळा मारा. पिळदार तीन हात तयार होतील.

९) त्याखाली १० सेंटिमीटर मोकळे सोडा. आता शेजारच्या दोन हातांतल्या दोन-दोन दोऱ्या घेऊन चौकोनी गाठ मारा : ३, ४, ५, ६, ७, ८, ९, १०, आणि वळसा पुरा करण्यासाठी ११, १२, १, २. आणखी ८ सेंटिमीटर खाली बाराही दोऱ्या मुठीत धरून एकच मोठी गाठ मारा. खालची टोके सारखी कापा.

वजनाचा हिशेब

ओल्या मातीसह कुंडी ३ किलोग्रॅमची आहे असे धरा. तिन्ही हात जवळजवळ उभे असतील, तर प्रत्येकावर सुमारे १ किलोग्रॅम भार येतो. हात आखूड ठेवले आणि ते उभ्या रेषेपासून ६० अंश फाकले, तर तोच भार प्रत्येकी २ किलोग्रॅम होतो. म्हणून हात लांब ठेवायचे. कुंडी बसवण्यापूर्वी तिच्या दुप्पट वजनाचे दगड एक दिवस शिंक्यात ठेवून पाहा. वरच्या फासाची गाठ रीफच आहे ना, हे मित्राकडून तपासून घ्या. सुतळी पाणी शोषते आणि ओली राहिली की कुजते. तेव्हा शिंके पावसात टांगू नका आणि दर पावसाळ्यानंतर दोऱ्या हाताने चाचपून पाहा. रीफ गाठीवर माणसाचा भार मात्र कधीही टाकू नये. त्या कामाच्या गाठी वेगळ्या असतात.

उन्हाळ्यात चंद्रपूरचा पारा किती चढतो हे तुम्हाला सांगायला नको. तेव्हा कुंडी काढून शिंक्यात पाण्याचा मातीचा परळ ठेवा. चिमण्या, बुलबुल पाण्यावर येतील आणि मांजराची उडी तिथवर पोचणार नाही. संध्याकाळी ढोलीतून खरा पिंगळा ओरडू लागला आणि घरात कोणी त्याला अशुभ म्हणाले, तर त्यांना तुमचे शिंके दाखवा आणि तो काय खातो ते सांगा.