इंजिनाला जुना पार्ट घालावा का?

मे महिन्याच्या दुपारी राशीनहून कर्जतकडे येताना तापमानाचा काटा लाल रेघेवर जातो. ‘आता आलंच कर्जत’ म्हणून आपण गाडी तशीच दामटतो, आणि हेड गॅस्केट जातं, हेड वाकतं. फिटर इंजिन उघडतो, नव्या हेडचा भाव सांगतो. आपल्या चेहऱ्याकडे पाहून तोच पुढे म्हणतो, “पुण्यातून जुनं मागवू का? पुष्कळ स्वस्तात होईल.”

अशा वेळी हो म्हणावं की नाही? मंडळी, भाव नंतर विचारा. आधी दोन गोष्टी विचारा. हा भाग मोजून तपासता येतो का? आणि तो पुन्हा गेला, तर सोबत काय काय घेऊन जाईल?

हेड तपासता येतं. वर्कशॉपमध्ये सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून ते किती वाकलंय ते कळतं, पाण्याचा दाब देऊन तडा सापडतो. किंबहुना पुष्कळदा आपलंच हेड फेसिंग करून चालतं. तेव्हा जुनं आणण्याआधी तेवढं विचाराच. मात्र प्रत्येक फेसिंगला जाडी कमी होते. आधी दोनदा घासलेलं हेड स्वस्त मिळालं तरी घेऊ नये. डिझेल इंजिनात पिस्टन आणि व्हॉल्व्ह यांच्यात मुळातच जागा कमी असते.

क्रँकशाफ्टचंही तसंच. मायक्रोमीटरने मापून, तडा नाही याची खात्री करून तो ०.२५ किंवा ०.५० मिलिमीटर घासतात आणि त्या मापाची जाड बेअरिंग घालतात. असा जुना क्रँक वर्षानुवर्षं चालतो. पण ती बेअरिंग नवीच हवीत. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात तेलासाठी ठेवलेली फट केसाच्या जाडीहूनही कमी असते. पिस्टन रिंगा तर जुन्या घालायचा विचारच नको. एका सिलिंडरमध्ये झिजलेली रिंग दुसऱ्यात नीट बसत नाही. गाडी ऑइल खाते आणि निळा धूर सोडते. गॅस्केट एकदाच दाबलं जातं. ऑइल सील, टायमिंग बेल्ट, टेन्शनर, सगळं नवंच. इंडिकासारख्या डिझेल गाडीचा बेल्ट चालत्या इंजिनात तुटला, की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. बेल्टमध्ये वाचवलेले पैसे मग हेडच्या कामात जातात, वर मजुरी दुसऱ्यांदा.

अल्टरनेटर आणि स्टार्टर जुने घ्यायला माझी हरकत नाही. बंद पडले तर गाडी थांबेल, इंजिन मोडणार नाही. शिवाय मारुती ८०० चं उत्पादन २०१४ साली थांबलं, इंडिकाचं २०१८ साली. जुन्या गाड्यांचे काही भाग पुढे भंगारातच शोधावे लागतात.

ब्लॉकबाबत मात्र सावध राहा. इंजिन नंबर ब्लॉकवर ठोकलेला असतो आणि तोच आर.सी. बुकात असतो. मुंबईत कुर्ल्याला किंवा पुण्याच्या जुन्या बाजारात स्वस्त ब्लॉक मिळाला, पण तो चोरीच्या गाडीचा निघाला तर? मूळ गाडीच्या कागदांची प्रत आणि इंजिन नंबर लिहिलेलं बिल मिळत नसेल, तर सौदा सोडून द्यावा. इंजिन बदलल्याची नोंद आर.टी.ओ.कडे करावीच लागते, आपल्या एम.एच. १६ च्या गाड्यांची ती नगरला. नोंद नसेल तर गाडी विकताना अडचण, विम्याच्या वेळी त्याहून मोठी.

नवा पार्ट म्हणजे निर्धोक, असंही नाही. हुबेहूब डब्यातला बनावट माल बाजारात आहेच. चासी नंबरवरून पार्ट नंबर काढून घ्या, पक्कं बिल मागा. एक मधला मार्गही आहे. गाडीच्या कंपनीला रिंगा आणि बेअरिंग पुरवणारे कारखाने तोच माल स्वतःच्या नावानेही विकतात, आणि तो बहुधा स्वस्त पडतो. चांगला फिटर हे आपणहून सांगतो. काढलेले जुने भागही तो पिशवीत घालून तुमच्या हातात देतो. देत नसेल तर मागून घ्या.

आणि हेड बसवण्याआधी गाडी तापली का, ते शोधून घ्या. आपल्याकडे रेडिएटरमध्ये सर्रास बोअरचं पाणी ओततात. त्यातल्या क्षारांनी नळ्या बुजतात. त्या साफ न करता हेड चढवलं, तर ते जुनं असो की नवं, पुढच्या उन्हाळ्यात गाडी पुन्हा त्याच रस्त्यावर उभी दिसेल.