तो फोटो दिवाळीचा नाही

वसुबारस आली की तो फोटो मोबाइलवर येऊन पडतोच. काळ्या पार्श्वभूमीवर भारताचा नकाशा, त्यावर पांढरे, निळे, हिरवे, लाल ठिपके आणि खाली ओळ: ‘अंतराळातून दिसणारी दिवाळी, नासाचा फोटो.’ चांगली शिकलेली माणसं, अगदी विज्ञानाचे शिक्षकसुद्धा, तो पुढे पाठवतात. म्हणून पुन्हा एकदा स्पष्ट सांगतो. तो दिवाळीचा फोटो नाही. मुळात तो एका रात्रीचा फोटोच नाही.

ते चित्र २००३ मधलं आहे. अमेरिकेच्या ‘नोआ’ या हवामान आणि सागरविषयक संस्थेतले शास्त्रज्ञ ख्रिस एल्व्हिज यांनी ते अमेरिकी लष्कराच्या हवामान-उपग्रहांच्या नोंदींवरून तयार केलं. त्यातले रंगही दिव्यांचे नाहीत, मुद्दाम भरलेले आहेत. १९९२ च्या आधीपासून दिसणारे दिवे पांढरे; १९९२ मध्ये दिसू लागलेले निळे, १९९८ मधले हिरवे आणि २००३ मधले लाल. म्हणजे जिथे आधी अंधार होता तिथे दिवे कधी लागले, शहरं कशी पसरत गेली, याचा तो नकाशा. एवढा मोलाचा दस्तऐवज आपण रोषणाई म्हणून खपवतो, याची खरी चीड येते.

नासाने २०१२ मध्ये याचा खुलासाही केला आहे. त्या वर्षी १२ नोव्हेंबरच्या रात्री सुओमी एनपीपी उपग्रहाने टिपलेलं खरं चित्र त्यांनी प्रसिद्ध केलं. त्यात लाल-हिरवं काही नाही, नेहमीची शहरं नेहमीसारखी दिसतात. दिवाळीत पडणारा जादा उजेड इतका थोडा असतो की अवकाशातून तो बहुधा जाणवणारही नाही, असं सोबत लिहिलेलं होतं. रस्त्यांवरचे प्रखर दिवे वर्षभर जळतात. त्यात पणत्या आणि माळांची भर ती किती? शिवाय हा उपग्रह आपल्या डोक्यावरून मध्यरात्रीनंतर दीडच्या सुमारास जातो. तेव्हा बहुतेक अंगणांतल्या पणत्या विझलेल्या असतात. कोरोनाच्या टाळेबंदीत ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ वाजता देशाने नऊ मिनिटं घरातले दिवे मालवून पणत्या लावल्या, त्याचेही ‘उपग्रहावरून घेतलेले’ फोटो लगेच फिरले. त्यांना हाच वेळेचा प्रश्न विचारायला हवा होता.

मग सण उपग्रहाला कळतच नाहीत का? कळतात, पण मोजल्यावर. नासाचे मिगेल रोमान आणि येल विद्यापीठातल्या एलिनॉर स्टोक्स यांनी ढग, चांदणं वगैरेंचा परिणाम वजा करून अनेक रात्रींच्या नोंदी तपासल्या. नाताळ ते नववर्ष या काळात अमेरिकेतल्या अनेक शहरांचा उजेड २० ते ५० टक्क्यांनी वाढलेला आढळला. पश्चिम आशियातल्या काही शहरांत रमजानमध्ये ही वाढ ५० टक्क्यांच्याही वर गेली. नुसत्या डोळ्यांनी चित्र बघून यातलं काही कळलं नसतं.

बाकीचे गैरसमज थोडक्यात. ‘उजेड तिथे वस्ती आणि पैसा’ हे सरसकट खरं नाही. मुंबईच्या पश्चिमेला भर समुद्रात ठिपके चमकतात, ते मुंबई हायच्या तेलक्षेत्रात जाळल्या जाणाऱ्या वायूचे. तरीही हेंडरसन, स्टोरीगार्ड आणि वाइल या अर्थतज्ज्ञांनी २०१२ मध्ये दाखवून दिलं, की जिथली सरकारी आकडेवारी कच्ची आहे तिथल्या आर्थिक वाढीचा अंदाज बांधायला रात्रीचे दिवे उपयोगी पडतात. ‘शहर मंद दिसतंय म्हणजे दिवे कमी झाले’ हेही चूक. सुओमी एनपीपीवरच्या संवेदकाला निळा प्रकाश जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे पिवळे सोडियम दिवे काढून पांढरे एलईडी बसवले की नोंदीत उजेड घटल्यासारखा वाटतो. ‘उपग्रह आपल्या घरावर नजर ठेवतो’ म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की इथला एक ठिपका सुमारे पाऊण किलोमीटर लांब-रुंद असतो. अख्खी वाडी त्यात मावते. आणि पावसाळ्यात ढगांमुळे महाराष्ट्राच्या कामाच्या नोंदी फारच थोड्या मिळतात.

फिरणारं सगळंच खोटं असतं असंही नाही. भारत-पाकिस्तान सीमेवरची ती नारिंगी रेघ खरी आहे. कुंपणावरच्या दिव्यांची ती रांग अंतराळस्थानकातल्या अंतराळवीरांनी २०११ मध्ये टिपली.

नासाच्या ‘ब्लॅक मार्बल’ या संग्रहात २०१२ पासूनच्या रोजच्या नोंदी सर्वांना विनामूल्य खुल्या आहेत. मुलांना काही दाखवायचंच असेल तर आपल्या तालुक्याच्या दोन वेगवेगळ्या वर्षांतल्या रात्री शेजारी शेजारी ठेवून दाखवा, आणि खाली तारीख न विसरता लिहा.