विश्लेषण : सेप्टिक टँक वर्षानुवर्षे ‘भरत नाही’ ही चांगली गोष्ट आहे का?

मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात, भाऊचा तांडा शिवारात सेप्टिक टँक साफ करताना पाच मजुरांचा गुदमरून मृत्यू झाला. अशा घटनांनंतर चर्चा होते ती मास्क, दोरी आणि निष्काळजीपणाची. पण मुळात ती टाकी काय काम करते आणि ती कधी, कशी उपसायची, याची माहिती बहुतेक घरांत नसते.

टाकीत नेमके काय होते?

सेप्टिक टँक पाणी शुद्ध करत नाही, फक्त गाळ वेगळा करते. जड मैला तळाशी बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधले पाणी बाहेर पडते. तळाचा गाळ हवेशिवाय जगणारे जिवाणू हळूहळू कुजवतात. त्यातून मिथेन आणि हायड्रोजन सल्फाइड हे वायू तयार होतात. हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण वाढले की नाकाला त्याचा वासही येईनासा होतो, म्हणूनच आत उतरलेल्या माणसाला वाचवायला गेलेला दुसराही सापडतो. माणसाला असे टाकीत उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. खासगी घरमालकही त्यातून सुटत नाही.

मग टाकी ‘भरते’ म्हणजे काय?

इथेच मोठा गैरसमज आहे. जेवढे पाणी आत जाते, तेवढेच बाहेर पडते. त्यामुळे वापर सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत टाकी पाण्याने भरलेलीच असते. पाहायचे असते ते गाळाचे प्रमाण. गाळ वाढला की तो पाण्याबरोबर वाहून जातो, म्हणून दर दोन-तीन वर्षांनी उपसा करावा, असे मानले जाते.

‘आमची टाकी पंधरा वर्षांत उपसली नाही’ असे आपल्याकडे अभिमानाने सांगतात. अशा टाकीच्या तळाला बहुधा काँक्रीटच नसते, सगळे जमिनीत मुरत असते. शेजारी बोअर असेल, तर विचार करायला हवा. शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर दूर असावा, असा भारतीय मानक सांगतो. गावठाणातल्या दाट वस्तीत हे अंतर मिळणे कठीणच.

काळ्या मातीची वेगळी अडचण कोणती?

परभणीची काळी माती पावसात फुगते आणि पाणी सहज मुरू देत नाही. म्हणून खड्डा मुरुमापर्यंत न्यावा लागतो. नाहीतर पाईप शेवटी नालीत सोडला जातो आणि नाली ओढ्यामार्गे गोदावरीत. ढालेगाव, मुद्गल, डिग्रस हे बंधारे नदीचे पाणी अडवून ठेवतात. साचलेल्या पाण्यात घाण वाहून जात नाही. याच नदीवर पुढे विष्णुपुरी प्रकल्प आहे, जिथून नांदेड शहर पाणी पिते.

न्हाणीघर व स्वयंपाकघराचे पाणी मात्र वेगळे ठेवता येते. शेजारच्या नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीने (ता. हिमायतनगर) घरोघरी शोषखड्डे करून नाल्या कोरड्या केल्या. जलजीवन मिशनमध्ये माणशी ५५ लिटर पाणी धरले आहे. त्यातले साधारण ८० टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडते, म्हणजे पाच जणांच्या घरातून रोज सुमारे २२० लिटर. नळ आला की हे पाणीही येणारच, हे नियोजनात बऱ्याचदा राहून जाते.

उपसलेला गाळ कुठे जातो?

छोट्या गावाला भुयारी गटार योजना परवडत नाही. नळ्यांचे जाळे, पंपांची वीज, घरजोडणी यांतच पैसा संपतो. त्यापेक्षा मैलागाळ प्रक्रिया केंद्र स्वस्त पडते. साताऱ्यातील वाई नगरपालिकेने २०१८ मध्ये तक्रारीची वाट न पाहता, तीन वर्षांच्या वेळापत्रकाने प्रत्येक टाकी यंत्राने उपसायला सुरुवात केली. नाशिकच्या सिन्नरमध्येही ही पद्धत आहे. गाळ केंद्रात नेऊन त्यावर प्रक्रिया होते.

आपल्याकडे गाडी बोलावताना आपण फक्त दर विचारतो. ‘गाळ कुठे रिकामा करता?’ हा प्रश्नही विचारा. उत्तर ‘गावाबाहेर’ असे आले, तर पालिका किंवा ग्रामपंचायतीकडे प्रक्रिया केंद्राची सोय लेखी मागता येते.