भामेरची पहाट आणि हंड्यांची रांग

साक्री तालुक्यातील भामेर या गावी मी पहिल्यांदा गेलो तो किल्ला पाहण्यासाठी. परंतु त्यानंतर तीन वेळा, आणि प्रत्येक वेळी वसुबारसेच्या आधीच्या आठवड्यात, जो गेलो तो त्या किल्ल्याच्या पायथ्याला बिलगलेल्या, सणासाठी नुकत्याच रंगवलेल्या घरांची पहाटेची छायाचित्रे घेण्यासाठी. निजामपूरजवळचे हे गाव आज तालुक्याच्या दप्तरात एक साधे खेडे म्हणून नोंदलेले असले, तरी अभीर राजांची भंभागिरी ती हीच, असे मानणारे अभ्यासक आहेत. जुन्या दरवाजांचे अवशेष गावाच्या वस्तीतच उभे आहेत आणि वर डोंगराच्या अंगावर कोरीव लेण्यांची काळी तोंडे ओळीने दिसतात. तापीच्या सपाट काळ्या मुलखात वाढलेल्या आम्हा खानदेशी माणसांना घरावर घर चढलेले पाहण्याची सवय नसते. म्हणूनच एकाच्या धाब्यापलीकडे दुसऱ्याचा ओटा आणि त्यावर तिसऱ्याची भिंत असा देखावा जेथे थोडासाही दृष्टीस पडतो, तेथे आमचा पाय थबकतो.

आमच्याकडे दिवाळीआधी घराला हात फिरवण्याची रीत सार्वत्रिक आहे. पूर्वी चुन्याच्या निवळीत नीळ कालवून भिंतीला देत, खाली गेरूचा पट्टा ओढीत आणि ओटा शेणाने सारवीत; आता दुकानातील डब्यांमुळे पिस्ता, जांभळा, गुलाबी अशी चैन गरिबालाही परवडू लागली आहे. एका बोळाच्या वळणावर अशीच एक गर्द गुलाबी भिंत आणि तिला लागून निळीची जुनी भिंत आहे, आणि पहिल्या पहाटे मी तिपाई रोवून बसलो तो या जोडीसमोर.

घड्याळात सहा वाजून गेले तरी त्या दिवसांत तेथे सूर्य नसतो. आपली प्रमाणवेळ 82.5 अंश रेखांशाची, आणि भामेर त्याच्या आठ अंशांहून थोडे अधिक पश्चिमेला. अंशाला चार मिनिटे या हिशेबाने आमचा सूर्य घड्याळाच्या मागे अर्ध्या तासाहून अधिक चालतो. सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांवर आल्यापासून तो उगवेपर्यंतचा संधिप्रकाश या अक्षांशावर जेमतेम बावीस-तेवीस मिनिटांचा. या अवधीत मला जे दिसले त्याने मी चक्रावलो. निळी भिंत जणू आतून उजळली होती, आणि तिच्या शेजारची, दुपारी डोळ्यांत भरणारी गुलाबी भिंत मात्र काजळासारखी काळवंडलेली होती.

याचे कारण पुढे वाचनात आले. बोहेमियातील शरीरशास्त्रज्ञ यान पुर्किन्ये यांनी 1819 च्या सुमारास, पहाटे फिरायला जात असता, नेमकी हीच गोष्ट फुलांच्या बाबतीत टिपली होती : भर उन्हात रसरशीत दिसणारी लाल फुले अरुणोदयापूर्वी पार काळी पडतात आणि निळी-हिरवी छटा त्यांच्यावर मात करते. अंधुक प्रकाशात नेत्रपटलातील ज्या पेशी काम करतात त्यांना तांबडा प्रकाश जवळजवळ जाणवतच नाही. कॅमेऱ्याला मात्र अशी दुहेरी दृष्टी नाही. तो दहा-दहा सेकंद झडप उघडी ठेवून प्रकाश साठवतो, आणि माझ्या डोळ्यांना जी भिंत काळी होती ती त्याच्या पडद्यावर निळसर झाक असलेली, परंतु निःसंशय गुलाबी उमटली.

हे दहा सेकंदच या लेखाचे मूळ आहेत, कारण त्या अवधीत केवळ रंग साठत नाहीत, माणसे नाहीशी होतात. पारीस शहरात 1838 साली दागेर यांनी खिडकीतून बुलव्हार दु टांपल या रस्त्याचे जे चित्र घेतले, त्यात वाहत्या रस्त्यावरील गाड्या नि पादचारी यांचा मागमूस उरला नाही, कारण उघडीप काही मिनिटांची होती. उमटला तो केवळ बूट पुसून घेण्यासाठी एका जागी उभा राहिलेला एक अनामिक मनुष्य. भामेरच्या माझ्या पहिल्या चित्रातही भिंती धारदार होत्या, आणि नळाजवळ रांगेत ठेवलेल्या हंड्यांच्या कडा तर एकूण एक मोजता येत होत्या; त्यांच्यामधून ये-जा करणाऱ्या बायांचा मात्र नुसता धूर झाला होता.

असल्फ्याच्या टेकडीवर मला याची पुन्हा तीव्रतेने आठवण झाली. मुंबईत घाटकोपरच्या पश्चिमेस असलेली ही वस्ती, 8 जून 2014 रोजी मेट्रो सुरू झाल्यापासून, हजारो प्रवाशांच्या खिडकीसमोर आली, आणि 2017 च्या डिसेंबरात देदीप रेड्डी यांच्या ‘चल रंग दे’ या उपक्रमाच्या स्वयंसेवकांनी रहिवाशांच्या साथीने तिच्या भिंती रंगवल्यावर वृत्तपत्रांनी तिला इटलीतील पोझितानोची उपमा दिली. तत्पूर्वी 2010 मध्ये रिओ द जानेरोच्या सांता मार्ता वस्तीत येरून कोलहास आणि द्रे उरहान या डच चित्रकारांनी स्थानिक तरुणांना हाताशी धरून 34 घरे आणि सुमारे 7000 चौरस मीटर पृष्ठभाग रंगवला होता. या कामांतील कष्ट आणि सद्भाव यांविषयी मला आदर आहे, आणि आपल्या घराकडे लोक कौतुकाने पाहतात याचा आनंद असल्फ्यातल्या मुलांच्या चेहऱ्यावर मी पाहिला आहे. तरीही तो रंग दुरून पाहणाऱ्यासाठी योजलेला आहे, आणि भामेरची गुलाबी भिंत ही तिच्या समोरून पाणी नेणाऱ्या बाईसाठी, हा भेद छायाचित्रकाराने विसरू नये असे मला मनापासून वाटते. आपण ज्या वेळेला प्रकाशाची सुवर्णघटिका म्हणतो, ती त्या वस्तीची दात घासण्याची, केस विंचरण्याची, भांडी घासण्याची, म्हणजे अगदी खासगी वेळ असते. आणि डोंगरउतारावरच्या घराला अंगण नसल्यामुळे ती खासगी वेळ बोळातच पार पडते.

आमच्याच खानदेशात चाळीसगावी केकी मूस (1912–1989) यांनी रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या घरात जवळजवळ पन्नास वर्षे स्वतःला कोंडून घेऊन छायाचित्रकलेची साधना केली. टेबलावर मांडलेल्या साध्या वस्तूंवर दिव्याचा प्रकाश हवा तसा टाकून ते निसर्गदृश्याचा भास उत्पन्न करीत. त्यांच्या टेबलावरचा डोंगर त्यांच्या मालकीचा होता, आणि त्यावरची पहाट त्यांच्या आज्ञेने उगवे. भामेरचा डोंगर माझा नव्हता. हे मला दुसऱ्या वर्षी त्या गुलाबी भिंतीच्या मालकीण असलेल्या आजींनी, कमरेवरचा हंडा खाली न ठेवताच, सांगितले :

“पयले पानी भराई जाऊ दे भाऊ, मंग काढजो तुना फोटो.”

मी कॅमेरा पिशवीत घातला आणि ओट्यावर बसलो. नळ गेला तेव्हा ऊन धाब्याच्या कडेवरून उतरून भिंतीच्या निम्म्यावर आले होते, आणि ज्या निळाईसाठी मी सत्तर-ऐंशी किलोमीटरांची वाट अंधारात तुडवली होती तिचा लवलेश उरला नव्हता. आजींनी चहा दिला. मी त्यांना मागल्या वर्षीचे चित्र दाखवले; त्यांनी हंडे ओळखले, आपला पितळी हंडा कोणता तेही बोटाने दाखवले, मग चित्र डोळ्यांजवळ नेऊन त्या बराच वेळ पाहत राहिल्या.

“यामा मी कोठे शे?”

त्या धुरावर बोट ठेवून “या तुम्ही” असे म्हणण्याचे धैर्य मला झाले नाही. भिंतीवर आता भरपूर प्रकाश होता. झडप सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाइतकीच उघडली तरी पुरणार होती. मी तसे म्हणताच त्या आत गेल्या, चेहऱ्याला पाणी लावून आल्या, पदर दोन्ही खांद्यांवरून सारखा केला आणि रिकामा झालेला हंडा पायाने बाजूला सारून गुलाबी भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या.