विश्लेषण : पुढच्या महासाथीत गरिबांनी ‘घरातच थांबायचे’ कसे?

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठला टाळेबंदी जाहीर झाली आणि बाराला लागू झाली. त्या चार तासांत ज्यांच्या हाती पैसे होते त्यांनी किराणा भरला. रोज कमावून रोज खाणाऱ्यांची मजुरी मात्र दुसऱ्या दिवसापासून बंद झाली. पुढच्या महासाथीची तयारी करताना खाटा आणि प्राणवायूइतकाच त्यांचाही विचार का हवा?

संसर्गाचा धोका गरिबांना अधिक होता?

जुलै २०२० मध्ये मुंबईतील तीन प्रभागांत सर्वेक्षण झाले. झोपडपट्ट्यांतील ५७ टक्के नमुन्यांत करोनाची प्रतिपिंडे आढळली, तर अन्य वस्त्यांत १६ टक्के. दहा बाय दहाची खोली आणि सामायिक शौचालय असेल, तर अंतर राखणार कसे?

रेशन असून उपासमार का?

केंद्राने माणशी दरमहा पाच किलो मोफत धान्य दिले. पण अनेक स्थलांतरितांचे रेशनकार्ड गावीच होते. रेशनकार्ड नसलेल्यांसाठीची धान्यघोषणा झाली १४ मे रोजी. त्याआधीच ८ मे रोजी जालन्याहून रुळांवरून गावाकडे निघालेल्या १६ मजुरांचा करमाडजवळ मालगाडीखाली मृत्यू झाला होता.

धारावीत काय वेगळे केले?

१ एप्रिल रोजी पहिला रुग्ण सापडल्यावर पालिकेने खासगी डॉक्टरांच्या मदतीने दारोदार तपासणी केली. शाळा, सभागृहांत विलगीकरणाची सोय झाली. तिथे जेवणही मिळे. सार्वजनिक शौचालयांची वारंवार फवारणी झाली. जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने या प्रयत्नांची दखल घेतली.

मग आता काय बदलले?

सर्वोच्च न्यायालयाने २९ जून २०२१ रोजी ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना ३१ जुलैपर्यंत लागू करण्याचे आदेश राज्यांना दिले. ऑगस्टमध्ये असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ‘ई-श्रम’ पोर्टल सुरू झाले. मात्र अन्नसुरक्षेच्या लाभार्थ्यांची मर्यादा २०११च्या जनगणनेवरच ठरली आहे. त्यानंतर वाढलेली कुटुंबे त्यात बसणार कुठे?

तयारीत काय हवे?

एकटे राहणारे वृद्ध, अपंग, डायलिसिसचे रुग्ण, भाड्याच्या खोलीतले मजूर यांची प्रभागनिहाय यादी आधीच हवी. विलगीकरणाच्या जागा ठरलेल्या हव्यात. कार्ड नसले तरी धान्य आणि बुडालेल्या मजुरीची भरपाई पहिल्याच आठवड्यात मिळायला हवी. ते नसेल, तर ‘घरात थांबा’ हा आदेश पाळणे अनेकांच्या हातात राहत नाही.