दहा हजार ट्रक सरकी

"आठ जीबी चालेल की सोळा? डिस्क एक टीबीची टाकू?" दुकानदार विचारतो, आपण मान डोलावतो. हे आकडे इतके तोंडात बसलेत, की त्यांचा आवाका कुणी मोजत नाही. यवतमाळात मोजायचा तर माप सरकीचं घ्यावं. एक सरकी ढोबळमानानं ०.१ ग्रॅमची, म्हणजे किलोत दहा हजार. एक बाइट म्हणजे एक सरकी, असं धरू.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा देशी बनावटीचा संगणक सुरू झाला. त्याच्या स्मृतीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. म्हणजे १०,२४० बाइट. किलोभर सरकी, एका पिशवीत येईल एवढी! देवनागरीचं एकेक चिन्ह आज ३ बाइट खातं, नुसतं 'यवतमाळ' लिहायला १८ लागतात. हा लेखच टिफ्रॅकची निम्म्याहून जास्त जागा अडवून बसला असता. त्याच किलोभर जागेत तिथले शास्त्रज्ञ आपली गणितं सोडवत होते.

आता दुकानातली ८ जीबीची रॅम. सुमारे ८५९ कोटी बाइट, म्हणून ८५९ टन सरकी, दहा टनी ८६ ट्रक. आणि एक टीबी? एक लाख कोटी बाइट, दहा हजार ट्रक. दहा मीटरचा एक ट्रक धरून एकामागे एक चिकटून उभे केले, तर रांग १०० किलोमीटरची. कापसासाठी घातलेल्या शकुंतला रेल्वेचा यवतमाळ ते मूर्तिजापूर मार्ग सुमारे ११३ किलोमीटर. रांगेचं तोंड मूर्तिजापूरच्या जरा अलीकडे आणि शेपूट यवतमाळात. हे सगळं हल्ली बोटभर पट्टीत मावतं. २०११ च्या जनगणनेतल्या जिल्ह्याच्या २७,७२,३४८ लोकांत वाटलं, तर माणशी ३ लाख ६० हजार बाइट.

तीच एक टीबी घरी आणून विंडोजमध्ये पाहा, ९३१ दिसेल. मापात पाप नाही. कंपनी हजारानं मोजते, विंडोज १,०२४ नं. कापूस क्विंटलनं विकायचा आणि रुईचा भाव ३५६ किलोच्या खंडीवर ऐकायचा, याची सवय असलेल्या माणसाला नवल वाटू नये.

पण नुसत्या ट्रकांना भुलू नका. रॅम म्हणजे बाजार समितीचं यार्ड, डिस्क म्हणजे गोदाम. यार्डात आजचा व्यवहार चालतो, आणि वीज गेली की ते रिकामं होतं. गोदामातला माल तसाच राहतो, पण तो काढायला वेळ लागतो. रॅममधून वस्तू उचलायला एक सेकंद लागतो असं धरलं, तर एसएसडीतून साधारण पाव तास आणि फिरत्या हार्ड डिस्कमधून २७-२८ तास! संगणक 'अडकतो' तो बहुतेकदा यार्ड भरल्यामुळे, माल गोदामात नेऊन-आणून.

गोदामही भरतंच. फोर-केमधलं चित्रीकरण मिनिटाला ३५० एमबी घेत असेल, तर ४७ तासांत एक टीबी संपली. एका घरची दोन लग्नं, हळदीसकट.

माझं मत विचाराल तर घरच्या कामाला १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबीची एसएसडी घ्या. लग्नाच्या व्हिडिओंसाठी बाहेरची डिस्क नंतर लावता येते. लॅपटॉप असेल, तर पैसे मोजण्याआधी एवढं विचारा: रॅम पुढे वाढवता येते का? काहींत ती मदरबोर्डला सोल्डर करूनच येते.